शेकलेला दगड

ड्रिलच्या तंबूत सेथुन्यासाठी कॅनव्हासची एक खुर्ची मांडलेली होती, पण तिच्यावर ती धड टेकलेली कोणी पाहिली नव्हती. चहाचा मग हातात घ्यायची, मशीनपर्यंत जायची, नळीतून येणारं गढूळ पाणी बघायची, परत यायची. तोवर चहा निवायचा. तो वाळूत ओतायची आणि दुसरा घ्यायची. त्यात ऑगस्टचा, तिथल्या सरत्या थंडीतला वारा सुटलेला. कलहारीतला हा वारा उभ्याला उभं राहू देत नाही आणि बसल्याला बसू देत नाही.

ड्रिलचा फोरमन मुतासा झिंबाब्वेचा. सगळा जन्म भोकं पाडण्यात गेलेला, जिभेला हाड नसलेला माणूस.

"म्मा," तो म्हणाला; बाईला तिथं म्मा म्हणतात आणि बाप्याला र्रा. "तुमच्या येरझाऱ्यांनीच इथं दुसरं भोक पडेल. आम्ही भाडं एकाचंच ठरवलंय."

"कितीवर आलो?"

"मघाशी विचारलंत त्यापेक्षा एक वीत खाली."

"काय लागलंय?"

"मघाशी जे लागलं होतं तेच. चिकणमातीचा जुना दगड. राखाडी. शाळेच्या पाटीसारखा. बसा हो जरा, तुमच्याकडे बघून माझ्या पोरांचे हात थरथरायला लागलेत."

ती बसली. आणि उठली.

राजधानीत, गाबोरोनेतल्या एका लहानशा खनिज-शोध कंपनीत ती भूभौतिक तज्ज्ञ होती. या वाळूखाली, जुन्या गाळाच्या दगडांच्याही खाली, फार पूर्वी पृथ्वीच्या पोटातून वितळलेला दगड वर चढत आला होता आणि उजेड न बघताच वाटेत अडकून थिजला होता, असं तिचं म्हणणं होतं. असा थिजलेला दगड तालुक्याएवढा असू शकतो. त्याच्या तळाशी निकेल, तांबं, प्लॅटिनम साठलेलं असू शकतं. पण वर त्याची एक कपचीसुद्धा दिसत नाही. वर नुसती वाळू, काटेरी झाडं आणि गुरं. मग कळणार कसं? तर दोन वाटांनी. तो दगड जड असतो, म्हणून त्याच्यावर पृथ्वीची ओढ केसभर जास्त भरते. आणि त्यात लोह-खनिज असतं, म्हणून तिथं चुंबकाची सुई जरा बिघडते. ओढ तिने स्वतः गाडीतून फिरून, मैलोन् मैल, यंत्र टेकवत टेकवत मोजली होती. चुंबकाचं मोजमाप विमानातून झालं होतं.

भांडण तिथंच होतं. दोन नकाशे एकमेकांशी बोलत नव्हते. ओढीच्या नकाशात पूर्वेकडे एकदम उभा चढ होता, भिंतीसारखा. चुंबकाच्या नकाशात मात्र वायव्येला एक पसरट, आळशी टेकाड होतं. तिचा साहेब, भूशास्त्रज्ञ मोगापी, चुंबकाच्या बाजूने होता. "पसरट टेकाड म्हणजे दगड खोल आहे," तो म्हणायचा. सेथुन्या म्हणायची, "चढ इतका उभा असेल तर दगड खोल असूच शकत नाही, र्रा. चुंबक फसवतो. दगड थिजला तेव्हा पृथ्वीचं चुंबक दुसऱ्याच दिशेला असेल, तर आज टेकाड भलत्याच जागी दिसतं. वजन तसं फसवत नाही."

मोगापीने बराच वेळ नकाशाकडे बघून विचारलं होतं, "तू खुंटी कुठे मारशील?"

"चढाच्या माथ्यावर. पाचशे मीटरच्या आत दगड लागेल."

"मार."

कंपनीजवळ एकाच भोकाचं बळ होतं. खुंटी तिने मारली. ती पडली तिच्याच मामाच्या गुरांच्या वाड्याजवळ, हा निव्वळ योगायोग. पण मात्लोपाने गावात योगायोगावर कोणाचा विश्वास नव्हता.

तिची आई मास्तरीण, बदल्यांवर फिरणारी. त्यामुळे सेथुन्याचं लहानपण मामाच्याच घरात गेलं होतं. मामाला गावात सगळे र्रा-तिरो, तिरोचा बाप, म्हणत, थोरल्या मुलाच्या नावावरून. तिरो म्हणजे काम. आणि या तिरोला शाळा सुटल्यापासून कधी धड काम मिळालं नव्हतं, म्हणून गावातली पोरं चिडवायची, "बापाने नाव ठेवलं तेवढंच काम झालं."

मोजणी चालू असताना एकदा मामा तिच्या तंबूत आला होता. लॅपटॉपवर नकाशा उघडा होता. निळा, हिरवा, पिवळा, आणि पूर्वेला लालभडक डाग.

"हे लाल काय गं?"

"जड, मालोमे. तिथं खाली काहीतरी जड आहे." मामाला ती मालोमे म्हणायची.

"माझ्या वाड्याखाली?"

"जवळपास."

मामाने टोपी काढून मांडीवर ठेवली. तिला तेव्हाच समजायला हवं होतं. पण मामा तिच्या कामात पहिल्यांदाच रस घेतोय म्हटल्यावर ती भरभरून बोलत राहिली होती. किती जड, किती वर, कशी कडा. मामाने त्यातलं एकच उचललं. पुढच्या आठवड्यात क्गोत्लात, गावच्या सभेत, ड्रिलला परवानगी द्यायची की नाही यावर चर्चा झाली तेव्हा तो उठून म्हणाला होता, "माझ्या बहिणीच्या पोरीने जमिनीच्या आत बघितलंय. लाल आहे. इथं खाण होणार." आणि गाबोरोनेत एका दुकानसंकुलात पहारेकरी असलेल्या तिरोला त्याने निरोप पाठवला: काम सोड, घरी ये, कामच घरी आलंय.

तिरो आला. सध्या तो ड्रिलला पाणी आणणारी टाकीची गाडी चालवत होता.

तर त्या दिवशी, दुपार कलताना, तीच गाडी आली. पुढचा बंपर वाकलेला आणि मागे पाण्याची ओली रेघ. तिरो शिव्या घालतच उतरला.

"मुंगीखाऊचं बीळ! रस्त्याच्या मधोमध! कालपर्यंत नव्हतं. अर्धी टाकी वाळूला पाजली. डोकं छताला आपटलं, न्त्साला, बघ, टेंगूळ आलंय का?"

ती त्याची आतेबहीण. त्यांच्यात आते-मामे भावंडांना एकमेकांना न्त्साला म्हणायची आणि वाट्टेल तशी थट्टा करायची मुभा असते. एरवी तिने टेंगळावर चांगलं टोचणारं काहीतरी सुनावलं असतं. आज तिचा चेहराच बदलला.

"काय गं? मला लागलंय, तुला नाही."

"बीळ," ती म्हणाली.

मे महिन्यात, मोजणीच्या मधल्या टप्प्यात, त्यांनी मुक्काम हलवला होता. गावातल्या दवाखान्याच्या पायरीवर पहिलं मूळ ठाणं होतं; तिथं रोज सकाळ-संध्याकाळ यंत्र टेकवून बघायचं, म्हणजे यंत्र दिवसभरात सरकलं असेल तर कळतं. मुक्काम पूर्वेला हलवला तेव्हा मामाच्या कूपनलिकेच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर दुसरं मूळ ठाणं केलं. सकाळी दवाखान्यात वाचन घेतलं, गाडीत यंत्र ठेवलं, चौथऱ्यावर येऊन वाचन घेतलं. दोन ठाणी एकमेकांना बांधली. आणि वाटेत गाडी एका बिळात आदळली होती. ती स्वतः गाडीत होती. तिने पेटी उघडून बघितली होती, यंत्राच्या पाणसळीचा बुडबुडा मधोमध होता, दिवा हिरवा होता. 'ठीक आहे,' ती म्हणाली होती. परत दवाखान्यात जाऊन उलटं वाचन घ्यायला हवं होतं. ऊन होतं, मजूर तंबू उभारायला खोळंबले होते. उद्या घेऊ म्हणाली, आणि तो उद्या आला नाही.

त्या यंत्रात काचेची एक नाजूक स्प्रिंग असते. जोराचा हिसका बसला तर ती जागा सोडते आणि मग पुढची सगळी वाचनं सारख्याच मापाने वाढलेली येतात. रोजच्या तपासणीत कळत नाही, कारण तपासणीचं ठाणंच त्या हिसक्यानंतरचं.

म्हणजे पूर्वेचा सगळा भाग उचलला गेला असेल. पश्चिम जिथल्या तिथं, पूर्व एक पायरी वर. आणि मध्ये भिंत.

"तिरो, टाकीची गाडी राहू दे. माझ्या गाडीत बस."

"कुठं?"

"दवाखान्यात."

"अगं टेंगूळ एवढं मोठं नाहीये."

वाटेत ती यंत्राची पेटी मांडीवर घेऊन बसली, तान्हं मूल धरावं तशी. तिरोला तिने सांगितलं, हळू चालव, चालत माणूस पुढे गेला तरी चालेल. वारा समोरून वाळू मारत होता.

"आता सांगशील का काय झालंय?" तिरो म्हणाला.

तिने सांगितलं. लाल डाग कदाचित लाल नसेल. निदान एवढा लाल नसेल. तिरो हसायलाच लागला.

"हसतोस काय? तू माझ्यामुळे नोकरी सोडून आलास!"

"तुझ्यामुळे?" त्याने गाडी आणखी हळू केली. "न्त्साला, माझ्या साहेबाने मला पहाऱ्यावर झोपलेलं धरलं होतं. महिनाअखेरीस काढणारच होते. म्हाताऱ्याचा निरोप आला तेव्हा मी देवाचे आभार मानले. खाण झाली काय, न झाली काय, मला घरी यायला तोंड मिळालं."

"मालोमेला हे माहीत आहे?"

"वेडी आहेस? आणि तूही सांगायचं नाहीस. नाहीतर मी सगळ्या गावात सांगेन की 'मामाच्या लेकरा, माझ्याशी लगीन कर, देजाची गुरं आपल्याच वाड्यात परत येतील' म्हणत तू माझ्या मागे लागली होतीस."

ती हसली नाही, पण खांदे जरा खाली आले. मग परत वर गेले. दवाखाना दिसायला लागला होता.

दवाखान्याच्या पायरीवर एक म्हातारी औषधाची वाट बघत बसली होती. तिला नमस्कार-चमत्कार करून, घरच्यांची खुशाली विचारून जरा सरकायची विनंती केली. यंत्र टेकवलं. वाचन घेतलं. तिथून चौथऱ्यावर. वाचन. पुन्हा दवाखान्यात. म्हातारी अजून तिथंच होती. "काही विसरलीस का मुली?" तिने विचारलं. "हो, आजी," सेथुन्या म्हणाली, "मे महिन्यात."

पुन्हा चौथऱ्यावर. सूर्य काटेरी झाडांच्या आड गेला तेव्हा शंकेला जागा उरली नव्हती. दोन ठाण्यांमधला फरक मे महिन्यात लिहिला होता त्याच्या अर्धासुद्धा नव्हता.

गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून तिने पूर्वेकडची सगळी वाचनं तेवढ्या मापाने खाली ओढली आणि नकाशा पुन्हा काढला. भिंत गेली. तिच्या जागी एक रुंद, संथ चढ आला आणि त्याचा माथा वायव्येला सरकला. चुंबकाचं टेकाड होतं, जवळजवळ तिथंच. दोन नकाशे पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होते. दगड होता. नक्की होता. फक्त तिने सांगितला त्याच्या जवळजवळ दुप्पट खोल, आणि खुंटी त्याच्या माथ्यावर नव्हती, कडेच्या उतारावर होती.

लाजेने तिचे कान तापले होते आणि तरी आत कुठेतरी आनंदाची एक उकळी फुटत होती, कारण आता सगळं जुळत होतं. हा आनंद कोणाला दाखवायची सोय नव्हती. ती गाडीभोवती फिरत राहिली. एक चक्कर, दुसरी चक्कर.

"बस ना," तिरो म्हणाला.

"सगळे मला बस का म्हणताहेत?"

फोनला रेंज मिळायला वाळूच्या एका चिंचोळ्या उंचवट्यावर चढावं लागायचं. तिने मोगापीला सगळं सांगितलं, काही न गाळता.

"र्रा?"

"ऐकतोय. ड्रिल थांबवू नको. मी येतो."

तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. गाडीतून उतरल्यावर त्याने हात मिळवला, मुतासाची, पोरांची विचारपूस केली, एक मग्विन्या, तळलेला गोल पाव, उभ्या उभ्या खाल्ला, आणि मगच तिच्याकडे वळला. ही त्याची रीत. रागावलेला असला की तो जास्तच सभ्य व्हायचा.

"परतीचं वाचन का नाही घेतलंस?"

"घेतलं नाही, र्रा. कारण सांगण्यासारखं नाही."

"मी तुझ्या भिंतीवर विश्वास ठेवला. माझं मन कबूल होत नव्हतं, तरी ठेवला."

"माहीत आहे."

"आता मी गुंतवणूकदारांना काय सांगू? माझ्या तज्ज्ञबाईची गाडी बिळात गेली?"

"हो. तेच झालंय."

त्याने नवा नकाशा मागितला. खुर्चीवर बसून, त्या सेथुन्याच्याच खुर्चीवर, तो कितीतरी वेळ बघत होता. "छान आहे," शेवटी अगदी नाखुशीने म्हणाला. "छान आहे हा नकाशा. तीन महिने आधी असता तर." मग मुतासाला हाक मारली. "किती रॉड आहेत तुझ्याकडे?"

"सातशे मीटरपुरते, र्रा. त्याच्या खाली माझं मशीन जाणार नाही. जाईल, पण परत येणार नाही."

"मग सातशेपर्यंत जा. भाडं भरलेलंच आहे. अर्ध्यावर सोडून काय मिळणार?"

"दगड लागणार नाही, र्रा," सेथुन्या म्हणाली.

"मला माहीत आहे लागणार नाही. पण कशाच्या किती जवळ गेलो एवढं तरी कळू दे." आणि मग, मागे वळून न बघता, "गावाला तू सांगायचं. मी नाही."

मामाला तिने आधी एकट्याला सांगितलं. तो वाड्यात एका कालवडीच्या पायातला काटा काढत होता. तिचं बोलणं संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही. काटा निघाला. कालवड लंगडत गेली.

"म्हणजे लाल नव्हतं."

"होतं, मालोमे. पण इतकं वर नव्हतं. खोल आहे, या मशीनला पोचता येणार नाही इतकं."

"मी क्गोत्लात उभा राहून बोललो. माझ्या तोंडाने बोललो. तुझ्या नाही."

"म्हणून मी क्गोत्लात येते. माझ्या तोंडाने सांगते."

"ये. मी नसेन."

पण तो होता. शनिवारी सकाळी सभा भरली तेव्हा पुरुषांच्या ओळीत, अगदी कडेला, स्वतःची घडीची खुर्ची घेऊन बसलेला. सेथुन्याने पँटवर स्कर्ट गुंडाळला होता, डोक्याला रुमाल, खांद्यावर शाल. तिथं बाईने तसंच यायचं असतं. वाऱ्याने शाल सारखी उडत होती आणि ती सारखी सावरत होती. क्गोसी, गावचा प्रमुख, म्हणाला, बोल मुली.

ती बोलली. यंत्राबद्दल, स्प्रिंगबद्दल, बिळाबद्दल. चूक माझी, माझ्या मामाची नाही. त्याने मी सांगितलं तेच सांगितलं. खाण होईल असं मी कधी म्हटलं नव्हतं, पण म्हणू नका असंही ठासून म्हटलं नाही. मशीन काही दिवसांत जाईल.

कुजबुज झाली. एकजण ओरडला, "म्हणजे आमच्या पोरांनी परत जायचं का?" दुसरा म्हणाला, "मुंगीखाऊने खाण खाल्ली!" आणि हशा पिकला. त्या हशात मामा एकटाच हसला नाही. मग बायकांच्या बाजूने, चटईवर बसलेली एक उंच, हाडकुळी बाई उठली. ती म्मा-सेलेका, गावात दाईचं काम करणारी.

"एकच विचारते. खाली दगड आहे, हे तुला माहीत आहे, की तुला वाटतं?"

सेथुन्याला नकाशा आठवला. दोन्ही नकाशे, एकमेकांवर बसलेले. हो म्हणावंसं वाटलं. जिभेवर आलंही.

"वाटतं," ती म्हणाली. "फार वाटतं. पण माहीत नाही."

"मग गेल्या वेळीही असंच म्हणायला हवं होतंस," म्मा-सेलेका म्हणाली आणि बसली. रागाने नाही म्हणाली. पोट चाचपून, अजून वेळ आहे म्हणावं, तशी.

क्गोसीने सभा संपवली. लोक नेहमीसारखे "पुला!" म्हणून ओरडले, पाऊस येवो म्हणून. जरा कमी जोरात.

त्यानंतरचे दिवस सेथुन्याला खायला उठले. मशीन चालू होतं. ते कशासाठी चालू आहे हे आता कोणालाच नीट सांगता आलं नसतं. जमिनीतून निघणाऱ्या दगडाच्या गोल लांब कांड्या मुतासाची पोरं पत्र्याच्या पेट्यांत ओळीने मांडत होती. राखाडी. राखाडी. पुन्हा राखाडी. मोगापी परत गेला नव्हता. सकाळी पेट्यांपाशी उकिडवा बसायचा, कांड्या ओल्या करून भिंगातून बघायचा आणि तिच्याशी कामापुरतं बोलायचा. तिरो पाणी आणायचा. मामा येत नव्हता.

शेवटचे रॉड जोडले त्या दिवशी मुतासा म्हणाला, "म्मा, आता बोर जड जातोय. दात झिजताहेत."

"म्हणजे?"

"दगड कडक झालाय. रंग तोच आहे, पण कडक झालाय."

ती पेटीपाशी धावली. मोगापी आधीच तिथं होता. त्याने नवी कांडी हातोड्याने तोडली. आतापर्यंतचा दगड नखाने खरवडला की भुकटी व्हायचा. हा खणकन् वाजला. तुटलेल्या तोंडावर त्याने पाणी शिंपडलं. राखाडी दगडात बारीक काळे ठिपके होते, भाकरीवर पडतात तसे, सगळीकडे सारखे.

मोगापीने भिंग डोळ्याला लावलं. काढलं. पुसलं. परत लावलं.

"सेथुन्या," तो म्हणाला, आणि किती दिवसांनी नावाने हाक मारली होती त्याने, "हा शेकलाय."

तिने भिंग त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. मातीचा दगड जेव्हा बराच काळ प्रचंड उष्णतेशेजारी पडून राहतो तेव्हा त्याची वीट होते; आतल्या आत नवे कण वाढतात, ठिपके पडतात. आपोआप होत नाही. शेजारी काहीतरी पेटलेलं असावं लागतं. तिने खालची कांडी बघितली. ठिपके जास्त मोठे. सर्वांत खालची बघितली. आणखी मोठे.

"खाली जावं तसे वाढताहेत!"

"दिसतंय मला."

"मुतासा! अजून थोडं! दहा मीटर!"

"म्मा, रॉड संपले."

"पाच!"

"संपले म्हणजे संपले. आता तुम्ही उतरा भोकात." पण तोही वाकून पेटीत बघत होता.

तिरोने कोणाला न विचारता गाडी काढली आणि बापाला घेऊन आला. र्रा-तिरो उतरला, टोपी हातात धरून. कोणाकडे न बघता पेटीपाशी आला. सेथुन्याने वरची एक कांडी आणि सर्वांत खालची एक, अशा दोन त्याच्या हातांवर ठेवल्या. म्हाताऱ्याने दोन्ही एकमेकींवर आपटून बघितल्या. एकीचा तुकडा पडला.

"ही भाजलेली आहे," तो म्हणाला. त्याच्या बायकोची, म्मा-तिरोची, मडक्यांची भट्टी होती एके काळी.

"हो, मालोमे."

"मग चूल कुठाय?"

"खाली. जरा बाजूला."

"विझलेली?"

"फार पूर्वी विझलेली."

म्हाताऱ्याने पायाखालच्या वाळूकडे बघितलं. मग टोपी डोक्यावर घातली. "माझ्या वाड्याखाली एवढी मोठी चूल," तो पुटपुटला, "आणि मी थंडीत कुडकुडतोय." मग तिच्याकडे वळून, "जेवलीस का तू? तोंड बघ कसं झालंय. म्मा-तिरोने सेस्वा केलाय." त्याने तिला माफ केलं असं त्यात काही नव्हतं. पण जेवायला बोलावलं होतं. ती गेली, दोन घास सेस्वाचं कुटलेलं मटण आणि बोगोबे, ज्वारीची घट्ट पेज, खाल्ली, आणि मग हात धुऊन परत पेट्यांपाशी आली, ठिपके मोजायला नव्हे, नुसते बघायला.

मशीन गेलं. भोकावर लोखंडी झाकण बसलं.

मोगापीने तिला काढलं नाही. पण त्या जागेवरून काढलं. दोन हिवाळे ती घांझीकडे पाण्याच्या शोधात फिरली. तिच्या हाताखालची माणसं कंटाळायची, कारण मुक्काम हलवला की ती प्रत्येक ठाणं जाताना आणि येताना असं दोनदा मोजायला लावायची, मग तंबू उभे राहोत न राहोत. इकडे मोगापीने शेकलेल्या दगडाच्या त्या शेवटच्या पेट्या आणि दुरुस्त केलेला नकाशा दाखवत दारोदार फिरून एका मोठ्या कंपनीला भागीदार केलं. त्यांनी थोरलं मशीन आणलं. खुंटी वायव्येला मारली. त्या जागी सेथुन्याला बोलावलं नाही. त्यांचा स्वतःचा तज्ज्ञ होता.

तिरो त्या मशीनवर कामाला लागला. एका दुपारी, ती घांझीच्या रस्त्याकडेला गाडीचं टायर बदलत असताना, त्याचा फोन आला.

"न्त्साला! लागला! काल लागला, हजाराच्या खाली. काळा, हिरवट, मीठ सांडल्यासारखे पांढरे दाणे. कांडी उचलायला दोन माणसं लागतात गं!"

ती टायरवरच बसली.

"ऐकतेस ना? धातू-बितू अजून काही सापडलेलं नाही. साहेब लोक म्हणतात सापडेल न सापडेल. खाण लगेच काही होत नाही. पण दगड आहे. म्हातारा गावभर सांगत फिरतोय, माझ्या बहिणीच्या पोरीने आधीच बघितला होता म्हणून. बिळाचं मधलं प्रकरण त्याने गाळून टाकलंय."

"पिवळे ठिपके दिसतात का? चमकणारे? दाण्यांमध्ये?"

"मला काय कळतंय?"

"दाणे केवढे आहेत? वर बारीक आणि खाली मोठे, की सगळीकडे सारखे?"

"न्त्साला, एकदा तरी नुसतं 'बरं झालं' म्हण."

रस्त्यावरून गुरांचा ट्रक गेला, धूळ उडाली, ती खाली बसेपर्यंत सेथुन्या थांबली.

"बरं झालं," ती म्हणाली. खरंच बरं वाटत होतं. डोळे पाणावले होते, धुळीनेच असेल. आणि मग ती उठून उभी राहिली, पान्हा हातात तसाच, आणि गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागली. "तिरो, शेकलेला दगड आणि काळा दगड जिथं मिळतात ना, तिथली कांडी अखंड निघाली का तुटून? जाऊन बघ. आत्ता. मी फोन धरून ठेवते."